भुयारांतल्या गाडीचीं ऐंशी वर्षें

थोरल्या मुलाचा अंगरखा त्याला आंखूड होऊं लागला, म्हणजे तो उसवून, बाह्या कापून, शिवण आंत घेऊन धाकट्याला चढविण्याची रीत बहुतेक घरांतून आहे. कापड मूळचें चांगलें असेल आणि शिवणारा हात जाणता असेल, तर तोच अंगरखा पुढें तिसऱ्याच्याहि अंगावर शोभतो. काटकसरीच्या या रीतीला कोणी नांवें ठेवणार नाहीं. मात्र धाकट्याच्या मनांत केव्हां तरी हा प्रश्न येतोच कीं, नवें कापड आपल्या वांट्याला कधींच यावयाचें नाहीं काय ?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर वाइट नांवाचें एक बेट आहे. त्या बेटावरील आगगाडीची हकीकत या अंगरख्यासारखीच आहे. लंडन शहराच्या पोटांतून धांवण्यासाठीं तयार केलेल्या विजेच्या गाड्यांची एक जात ता. ३० जून १९३८ रोजीं प्रथम उतारूंच्या सेवेंत दाखल झाली. त्या जातीच्या अखेरच्या गाड्या ता. ३ जानेवारी २०२१ रोजीं या बेटावर शेवटची फेरी करून थांबल्या. मध्यें साडेब्याऐंशी वर्षें गेलीं. निवृत्त झाल्या त्या वेळीं ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वेवर नित्याच्या कामांत असलेल्या सर्व गाड्यांत त्या वयानें वडील होत्या. एवढें दीर्घायुष्य त्यांना कशामुळें लाभलें, आणि त्याची किंमत कोणीं दिली, या दोन प्रश्नांचीं उत्तरें त्यांच्या चरित्रांतच सांपडतात.

गाडीचा आकार समजण्यासाठीं ती ज्या भुयारासाठीं जन्मली तें भुयार आधीं पाहिलें पाहिजे. लंडनच्या खालीं चिकणमातीचा जाड थर आहे. ती माती कोरावयास मऊ, पण कोरल्यावर कांहीं वेळ आपला आकार धरून राहणारी अशी आहे. जेम्स हेन्री ग्रेटहेड या एंजिनियरानें तिच्या या गुणाचा उपयोग करून घेतला. लोखंडाचें एक भलें मोठें नळकांडें मातींत पुढें रेटावयाचें, त्याच्या आडोशानें मजुरांनीं समोरची माती खणावयाची, आणि मागल्या बाजूस ओतीव लोखंडाचीं कडीं एकापुढें एक बसवीत जावयाचें, अशी ही पद्धत होती. वरचे रस्ते, घरें व गटारें जागच्या जागीं राहत आणि खालीं वाटोळें भुयार तयार होत जाई. या रीतीनें बांधलेली ‘सिटी अँड साउथ लंडन’ रेल्वे सन १८९० च्या डिसेंबरांत चालू झाली. खोल भुयारांतून विजेवर चालणारी जगांतील ती पहिली मोठी रेल्वे होय.

भुयार जितकें रुंद तितका खर्च अधिक. म्हणून या पहिल्या भुयाराचा व्यास जेमतेम दहा फुटांचा होता. तें पुढें रुंद करण्यांत आलें, आणि मागाहून दुसरींहि भुयारें झालीं; पण त्यांचा व्यास बारा फुटांच्या आंतबाहेरच राहिला. अशा नळींतून जाणाऱ्या डब्याची उंची रुळापासून छपरापर्यंत साडेनऊ फूट. छप्पर दोहों बाजूंस वाटोळें उतरतें. डब्याच्या मधोमध उंच मनुष्य ताठ उभा राहूं शकतो. दाराशीं मात्र त्याला मान लववावी लागते. इंग्रज लोक या भुयारांना ‘ट्यूब’ म्हणजे नळी म्हणतात, तें अगदीं यथार्थ आहे.

अशा नळींत गाडीच्या माथ्यावर तार ओढावयास जागाच उरत नाहीं. डोक्यावरच्या तारेतून वीज घेणारी गाडी ज्यांच्या नित्य परिचयाची आहे, त्यांना लंडनची व्यवस्था म्हणूनच निराळी वाटेल. तेथें रूळ चार असतात. दोहोंवर चाकें फिरतात. तिसरा रूळ त्यांच्या बाहेरच्या अंगास असतो आणि चौथा दोहोंच्या मधोमध. बाहेरच्या रुळांतून वीज येते व मधल्या रुळानें परत जाते. दोहोंमधील दाब मिळून सुमारें ६३० व्होल्ट भरतो. परतीचा प्रवाह चाकांखालच्या रुळांतूनच सोडला असता तरी गाडी चालली असती. पण मग त्याचा कांहीं अंश भुयाराच्या लोखंडी कड्यांत आणि आसपासच्या पाण्याच्या नळांत शिरला असता, आणि त्यानें तें लोखंड हळूहळू खाऊन टाकलें असतें. चौथा रूळ हा त्या धोक्यावरचा उपाय होय.

वीज गाडीपर्यंत आली तरी एक मोठी अडचण शिल्लक होती. उभ्या गाडीच्या मोटारीला विजेचा पूर्ण दाब एकदम देतां येत नाहीं. दिल्यास प्रवाह इतका जोराचा होतो कीं मोटार जळून जावयाची. म्हणून प्रथम मार्गांत रोधक पट्ट्या घालाव्या लागतात, आणि गाडी वेग घेऊं लागली म्हणजे त्या एकामागून एक काढून टाकाव्या लागतात. या पट्ट्या, त्यांचीं बटणें आणि हवा दाबणारें यंत्र हें सारें सामान अवजड असतें. सन १९२३ पासून पुढें दहाबारा वर्षें लंडनसाठीं ज्या गाड्या बांधल्या गेल्या, त्यांत हें सामान ड्रायव्हरच्या खोलीमागें एका बंद कोठडींत ठेवीत. मोटारीच्या डब्याची जवळजवळ एक तृतीयांश लांबी त्या कोठडींत जाई. सात डब्यांच्या गाडींत मोटारीचे डबे तीन. म्हणजे तिन्हींचा मिळून एक अख्खा डबा यंत्रांनीं अडविलेला असे. ज्या मार्गावर सकाळसंध्याकाळ माणसाला पाय टेकावयास जागा मिळण्याची मारामार, तेथें ही नासाडी डोळ्यांत खुपणारी होती.

ता. १ जुलै १९३३ रोजीं लंडनच्या सर्व भुयारी गाड्या, ट्राम व बस एका सार्वजनिक मंडळाच्या ताब्यांत आल्या. लॉर्ड अॅशफील्ड हे या मंडळाचे अध्यक्ष आणि फ्रँक पिक हे त्याचे उपाध्यक्ष होते. जुने मार्ग उपनगरांपर्यंत लांबवावयाचे आणि नव्या गाड्या बांधावयाच्या, अशी मोठी योजना मंडळानें सन १९३५ मध्यें हातीं घेतली. गाड्यांचें काम डब्ल्यू. एस. ग्राफ-बेकर यांच्याकडे होतें. कोठडींतलें सारें सामान लहान करून डब्याच्या तळाखालीं, चाकांच्या मधल्या जागेंत बसवावयाचें, असा त्यांच्या एंजिनियरांनीं चंग बांधला. तळ आणि रूळ यांमधली ती जागा हात-दोन हातांची. तिच्यांत अवजड यंत्रें कोंबावयाचीं म्हणजे प्रत्येक यंत्राची रचना नव्यानें करणें आलें.

प्रथम चोवीस डब्यांच्या चार गाड्या प्रयोगादाखल तयार झाल्या. त्यांपैकीं तिन्हींचीं तोंडें त्या काळच्या आवडीप्रमाणें वाऱ्याला कापीत जाणारीं, निमुळतीं व गोलसर होतीं. पण भुयारांतल्या माफक वेगाला त्या आकाराचा कांहींच लाभ नाहीं, असें दिसून आलें. चौथी गाडी साध्या, सपाट तोंडाची होती. तिचाच कित्ता पुढें गिरविला गेला. तळाखालच्या यंत्रांचा प्रयोग मात्र पुरता यशस्वी झाला, आणि त्या पायावर सन १९३८ ची गाडी उभी राहिली. लंडनमध्यें गाड्यांच्या जातीला सनाचें नांव देण्याची चाल असल्यानें तिचें नांवहि ‘१९३८ ची गाडी’ असेंच पडलें.

तिची रचना थोडक्यांत अशी होती. सात डब्यांपैकीं पांच डब्यांना मोटारी होत्या, आणि प्रत्येक मोटार सुमारें १६८ अश्वशक्तीची होती. पूर्वीच्या गाडींत मोटारींचे डबे तीनच असत. जेथें स्टेशनें अर्ध्या-पाऊण मैलावर आहेत, तेथें गाडीचा कमाल वेग किती हा प्रश्न गौण असतो. ती किती लवकर वेग घेते आणि किती लवकर थांबते, यावर सारें अवलंबून असतें. ड्रायव्हरनें मूठ फिरविली कीं तळाखालीं दाबलेल्या हवेच्या जोरानें उंचवटे असलेला एक दांडा फिरूं लागे, आणि ते उंचवटे ठराविक क्रमानें रोधक पट्ट्या एकेक करून मार्गांतून काढीत. किती घाई करावयाची हें यंत्र स्वतःच ठरवी. ड्रायव्हरला भोंवळ येऊन त्याचा हात मुठीवरून सुटला, तर ती मूठ आपोआप वर उचलली जाई, वीज तुटे आणि ब्रेक लागत.

ब्रेकची योजना याहूनहि मनोरंजक होती. ब्रेक फार जोरानें लागला तर चाकें फिरावयाचीं थांबून रुळावरून घसरतात, आणि घसरणारें चाक फिरणाऱ्या चाकापेक्षां उशिरां थांबतें. शिवाय घसरतांना तें एका बाजूनें झिजून चपटें होतें. म्हणून डब्यांत पारा भरलेली एक वांकडी कांचेची नळी बसविलेली असे. गाडीचा वेग एकाएकीं कमी होऊं लागला म्हणजे उभा असलेला उतारू जसा पुढें झुकतो, तसाच तो पारा नळींत पुढें सरके. ठराविक खुणेपर्यंत चढला कीं तो विजेची एक जोडणी पुरी करी, आणि ब्रेकचा वाढता जोर तेथेंच थांबे. माणसाच्या तोल सांभाळण्याच्या शक्तीची ही साधी, निर्जीव नक्कल होती.

आंतली सजावटहि काळजीपूर्वक केलेली होती. बैठकींवर मॉकेट नांवाचें जाड लोकरी कापड, खालीं खांचा पाडलेल्या मेपल लांकडाच्या पट्ट्यांची जमीन, आणि दिव्यांवर कांचेच्या सुबक छत्र्या होत्या. दारें दाबलेल्या हवेनें उघडत. उघड्यावरच्या स्टेशनांत सर्व दारें उघडून डब्यांत थंडी शिरूं नये, म्हणून उतारूनें बटण दाबून आपल्यापुरतें दार उघडावें अशीहि सोय प्रारंभीं होती. ती पुढें सोडून देण्यांत आली. बर्मिंगहॅमकडील दोन कारखान्यांनीं मिळून या जातीचे १,१२१ डबे बांधले. नॉर्दर्न आणि बेकरलू हे त्यांचे मुख्य मार्ग होत.

गाड्या कारखान्यांतून येत असतांनाच युद्ध सुरू झालें. बेकरलूच्या गाड्या सन १९३९ च्या नोव्हेंबरांत स्टॅनमोरपर्यंत, आणि नॉर्दर्नच्या गाड्या सन १९४० च्या एप्रिलांत हाय बार्नेटपर्यंत जाऊं लागल्या. पुढचें काम मात्र थांबलें. बुशी हीथकडे जावयाचा मार्ग कधींच झाला नाहीं. त्यासाठीं अॅल्डनहॅम येथें गाड्या ठेवावयास बांधलेल्या शेडींत युद्धकाळीं हॅलिफॅक्स जातीचीं बाँबफेकीं विमानें तयार होऊं लागलीं. बाँबवर्षावाच्या रात्रीं हजारों लोक अंथरूण-पांघरूण घेऊन भुयारांतल्या फलाटांवर निजावयास येत. त्यांच्या उशाशीं याच गाड्या येत आणि जात. फुटलेल्या कांचा अंगांत घुसूं नयेत म्हणून खिडक्यांना आंतून जाळीदार कापड चिकटविलेलें असे. स्टेशनाचें नांव दिसेना म्हणून उतारू तें सोलून काढीत, आणि तसें करूं नका असे फलक मंडळाला डब्यांतून लावावे लागत.

युद्धानंतर, सन १९४९ च्या मागणीनें, आणखी ९१ डबे या गाड्यांना जोडीला आले. दुपारच्या निवांत वेळीं सात डबे हिंडविण्याऐवजीं गाडीचे दोन भाग करून एकच चालवावा, अशा बेतानें त्यांतील बहुसंख्य डबे बनविले होते. दोन भाग जोडतांना डबा, हवा आणि वीज हीं तिन्ही एकदम जोडलीं जावीत अशी कडी या गाड्यांना पहिल्यापासूनच होती. त्यामुळें रुळांत उतरून नळ्या जोडीत बसण्याचा जुना खटाटोप उरला नव्हता.

पुढील तीस वर्षें या गाड्यांनीं मुकाट्यानें काम केलें. दरम्यान बिनरंगाच्या, चकाकत्या अॅल्युमिनियमच्या गाड्या आल्या आणि तांबड्या रंगाच्या या पोलादी गाड्या जुन्या दिसूं लागल्या. नॉर्दर्न मार्गावरून त्या सन १९७८ मध्यें निघाल्या. बेकरलू मार्गावरची शेवटची गाडी ता. २० नोव्हेंबर १९८५ रोजीं धांवली. तेवढ्यांत लंडनच्या भुयारांतील गर्दी पुन्हां वाढली, गाड्या अपुऱ्या पडूं लागल्या, आणि निवृत्त झालेल्यांपैकीं पांच गाड्यांना सन १९८६ मध्यें नॉर्दर्न मार्गावर परत बोलावणें आलें. ता. १९ मे १९८८ रोजीं त्यांचा तेथील कार्यकाळ संपला. पन्नास वर्षांना अवघे सहा आठवडे कमी पडले. एरवीं ही हकीकत येथेंच संपावयाची. ती संपली नाहीं, याचें कारण समुद्रापलीकडे आणखी एक ठेंगणें भुयार होतें.

वाइट बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर राइड नांवाचें गांव आहे. तेथील समुद्र इतका उथळ कीं, ओहोटीला वाळू दूरवर उघडी पडते. म्हणून बोटींसाठीं सुमारें अर्धा मैल लांबीचा धक्का समुद्रांत नेलेला आहे. धक्क्याच्या टोंकापर्यंत आगगाडी जाते. पोर्ट्स्मथहून आलेला उतारू बोटींतून उतरतो आणि समोरच्या डब्यांत चढतो. धक्का ओलांडून गाडी गांवाखालच्या बोगद्यांत शिरते, आणि पुढें शँक्लिन या समुद्रकांठच्या गांवीं थांबते. सारा मार्ग साडेआठ मैलांचा.

या मार्गावरचीं वाफेचीं एंजिनें सन १९६६ च्या अखेरच्या दिवशीं बंद झालीं. विजेची गाडी आणावयाचें ठरलें, पण कोणती ? राइडचा बोगदा समुद्राच्या पातळीला लागून असल्यानें त्यांत पाणी भरे. त्यावर उपाय म्हणून रुळांखालची जमीन वर उचलण्यांत आली, आणि आधींच कमी असलेली बोगद्याची उंची आणखी घटली. इंग्लंडच्या मुख्य भूमीवरची नेहमीची गाडी आतां त्यांत शिरणें शक्य नव्हतें. साडेआठ मैलांसाठीं मुद्दाम नवी जात बांधणें खर्चाला परवडणारें नव्हतें. तेव्हां अधिकाऱ्यांची दृष्टि लंडनच्या भुयारांकडे वळली. नळींतून धांवावयास घडलेली ठेंगणी गाडी या बोगद्यांतून सहज जाणार होती. अशा रीतीनें ता. २० मार्च १९६७ रोजीं बेटावर विजेची वाहतूक सुरू झाली, आणि तिच्यावर धांवूं लागल्या त्या लंडनच्या जुन्या गाड्या म्हणजे त्याच कोठडीच्या गाड्या. चार डब्यांच्या गाडीला ‘व्हेक’ आणि तीन डब्यांच्या गाडीला ‘टिस’ अशीं सांकेतिक नांवें दिलीं होतीं. दोन्ही जोडलीं म्हणजे ‘व्हेक्टिस’, अर्थात् या बेटाचें रोमन लोकांनीं ठेवलेलें नांव, तयार होई.

तो पहिला अंगरखा वीस वर्षांत विरला. समुद्राच्या खाऱ्या हवेनें पोलाद पोखरलें गेलें. बोगदा होता तसाच होता. त्यामुळें पुन्हां दृष्टि लंडनकडेच गेली. या वेळीं सन १९३८ ची गाडी मोकळी झालेली होती. निवडक डबे ईस्टली येथील कारखान्यांत नेऊन सन १९८९ ते १९९२ या काळांत दुरुस्त करण्यांत आले. दोन दोन डब्यांच्या गाड्या केल्या. बेटावर चौथा रूळ नव्हता. तेथें परतीचा प्रवाह चाकांखालच्या रुळांतूनच जातो, म्हणून विजेच्या जोडण्या बदलल्या. ब्रिटिश रेल्वेच्या वहींत त्यांना ४८३ हा वर्गांक मिळाला, आणि ता. १३ जुलै १९८९ रोजीं त्यांतील पहिली गाडी बेटावर कामास लागली. सन १९३८ मध्यें या गाड्यांनीं लंडनच्या ज्या जुन्या गाड्यांना मागें सारलें होतें, त्यांनाच पन्नास वर्षांनीं समुद्रापलीकडे जाऊन त्यांनीं पुन्हां निवृत्त केलें.

बेटावरचें तीस वर्षांचें आयुष्य वरवर पाहणाऱ्याला मौजेचें वाटे. सुटींत येणाऱ्या मुलांना लंडनच्या पोटांतली गाडी उन्हांत, समुद्रावर चालतांना पाहून गंमत वाटे. बेटावर प्राचीन महासरटांच्या अस्थि सांपडतात, म्हणून कांहीं काळ डब्यांवर अक्राळविक्राळ डायनॉसॉर रंगविलेले होते. नंतर गाड्यांना त्यांचा मूळचा तांबडा रंग परत मिळाला. पण रोज कामावर, शाळेंत व रुग्णालयांत जाणाऱ्या रहिवाशाला ही मौज पुरत नसे. डबे हेलकावे खात, दणके देत. त्यांत मार्ग बव्हंशीं एकेरी असून, ब्रेडिंग येथील गाड्या ओलांडण्याची जागा सन १९८८ मध्यें काढून टाकलेली होती. त्यामुळें सारख्या अर्ध्या तासानें गाडी सोडणें अशक्य झालें. एक गाडी वीस मिनिटांनीं आणि पुढची चाळीस मिनिटांनीं, असा विषम क्रम ठेवावा लागे, आणि तो बोटींच्या वेळांशीं नीट जुळत नसे.

सन २००७ मध्यें या गाड्यांची मालकी बदलली, आणि साऱ्या ताफ्याची किंमत ठरली एक पौंड. हिशेबाच्या वहींत ती खोटी नव्हती. सत्तरीच्या घरांतल्या गाडीला बाजारांत गिऱ्हाइक कोठून मिळणार ? पण त्याच गाडीवर बेटावरच्या हजारों माणसांचा दिवस अवलंबून होता, आणि ही किंमत कोणत्याहि वहींत मांडलेली नव्हती. गाड्या चालू राहिल्या त्या राइडच्या लहानशा कारखान्यांतील कारागिरांमुळें. सुटे भाग विकत मिळण्याचे दिवस केव्हांच मागें पडले होते. एक गाडी निकामी झाली कीं तिचे अवयव काढून दुसरीला बसवावयाचे, असा क्रम चालू होता. अर्थात् या उपायानें दर वेळीं एक गाडी वांचे आणि एक कमी होई. शेवटच्या दोन वर्षांत कधीं कधीं चालविण्याजोगी एकच गाडी उरे. ती बिघडली म्हणजे बेटाची आगगाडीच बंद.

अखेर सरकारनें आणि बेटाच्या स्थानिक संस्थांनीं मिळून सुमारें दोन कोटि साठ लक्ष पौंडांची योजना मंजूर केली. ता. ३ जानेवारी २०२१ नंतर मार्ग बंद ठेवून रूळ सुधारण्यांत आले, ब्रेडिंगची ओलांडणीची जागा पुन्हां बांधण्यांत आली, आणि ता. १ नोव्हेंबर २०२१ रोजीं नव्या गाड्या धांवूं लागल्या. नव्या म्हणावयाच्या त्या बेटापुरत्याच. लंडनच्या डिस्ट्रिक्ट मार्गावर सन १९८० च्या सुमारास आलेल्या अॅल्युमिनियमच्या गाड्या तेथून निवृत्त झाल्यावर त्यांना नवीं विजेचीं यंत्रें बसवून ४८४ हा वर्गांक देण्यांत आला. धाकट्याच्या अंगावर थोरल्याचा तिसरा अंगरखा चढला. या वेळीं मात्र शिवण मनापासून केलेली होती, आणि गाडीबरोबर रस्ताहि दुरुस्त झाला होता.

वर्ग ४८३ ची एक गाडी आतां बेटावरच्याच हौशी मंडळींच्या वाफेच्या रेल्वेकडे जपून ठेविली आहे. लंडनच्या वाहतूक-संग्रहालयानेंहि चार डब्यांची एक गाडी चालू स्थितींत राखली असून ती प्रसंगीं जुन्या भुयारांतून फेरी मारते.

आरंभीं विचारलेल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें आतां देतां येतील. ही गाडी इतकीं वर्षें जगली, याचें पहिलें कारण ती पहिल्यानेंच विचारपूर्वक घडविलेली होती; यंत्रें तळाखालीं नेण्याचा जो विचार सन १९३५ मध्यें झाला, तो पुढच्या प्रत्येक पिढीच्या गाडीनें उचलला. दुसरें कारण तिचा ठेंगणेपणा. जें वैगुण्य म्हणून तिच्या वांट्याला आलें, त्यानेंच तिला दुसरा जन्म मिळवून दिला. तिसरें कारण दुरुस्त करणारे हात. आणि किंमत दिली ती, फलाटावर चाळीस मिनिटें वाट पाहणाऱ्या बेटावरच्या माणसांनीं. जुनी वस्तु जपून वापरणें ही काटकसर खरी. पण ती वस्तु ज्याच्या अंगावर चढवावयाची, त्याच्या मापाचा व गरजेचा विचार केला नाहीं, तर तीच काटकसर हेळसांड ठरते. कापड तेंच असतें. शिवणाऱ्यानें धाकट्याला समोर उभें करून माप घेतलें होतें कीं नाहीं, एवढाच काय तो फरक.